झडप उघडतेय

पेशंटच्या छातीत हृदयाच्या मदतीला बसवलेला पंप एकसुरात गुणगुणत होता. डॉक्टरांनी त्याचा वेग कमी केला. मी इकोचा प्रोब छातीवर दाबला, पडद्यावर हृदयाचं चित्र उमटलं आणि मी ओरडलोच, "उघडली! हृदयाची झडप उघडली!"

पंप बसवल्यापासून ती मेली हललीच नव्हती.

"म्हणजे यांचं हृदय आपलं आपण चालतंय?" पेशंटच्या बायकोने माझा दंडच धरला.

"चालतंय काय वहिनी, पळतंय!"

"तुझ्यापेक्षा जोरात," पेशंट हसला.

जेल लावायला मी प्रोब उचलला. प्रोब उचलला की पडद्यावरचं चित्र जायलाच हवं. गेलं नाही. झडप उघडत होती, मिटत होती.

"डॉक्टर, काढा आता तो पंप!" वहिनी म्हणाल्या.

"उद्याच काढू," डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले.

मी प्रोबची वायरच उपटली.

पडद्यावर झडप उघडली.