तिसावा दिवस

गावरान अंड्यांना बाजारात मागणी, म्हणून चांगुणाबाईंनी कोंबडीची सगळी अंडी विकून टाकली, आणि ती खुडूक होऊन उबवायला बसली तेव्हा पाटीत तिच्याखाली पुतण्याच्या पोल्ट्रीतली बारा अंडी ठेवली. तिथं हजारो कोंबड्या, म्हणजे कोंबडेही असणारच, असं त्या धरून चालल्या. एकवीस दिवसांत पिल्लं निघायला हवी होती. तिसावा दिवस उजाडला तरी कोंबडी दाण्यालाही उठेना. तिच्या छातीचं हाड हाताला लागत होतं. पुतण्याला हे ऐकून हसू आवरेना. "काकू, आमच्या शेडात कोंबडाच न्हाई. पिल्लू कुठनं येनार?" "मग तिथल्या कोंबड्या अंड्यावर बसत न्हाईत?" "पिंजऱ्यात कशा बसतील? अंडं पडलं की घरंगळत भायेर जातं." बाईंनी अंडी काढायला पाटीत हात घातला. एरवी टोचणाऱ्या कोंबडीनं मात्र अंग उचलून त्या हाताला वाट दिली. टोचली असती तर बरं झालं असतं.