उजवा हात

या, असे जवळ सरकून बसा. देवाच्या दयेनं गोष्ट लांबलचक नाही, पण कान इकडे द्या.

थोरलीला शुद्ध आली तेव्हा ऑपरेशननंतरच्या त्या खोलीत दोनच खाटा होत्या. शेजारच्या खाटेवर धाकटी. सकाळीच थोरलीची एक किडनी काढून धाकटीला बसवली होती. धाकटीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. श्वासागणिक त्यावर वाफ धरत होती. मधल्या स्टुलावर आई, थोरलीकडे पाठ करून, डाव्या हातानं धाकटीचे केस मागे सारत बसली होती.

थोरलीच्या पोटात आग उठली. टाक्यांची नव्हे, जुनीच. किडनी माझी आणि लाड हिचे! खिडकीजवळची जागा हिची, दुधावरची साय हिची, आता हवासुद्धा हिलाच.

"सिस्टर," कोरड्या घशातून तिनं हाक मारली, "मला का नाही तो मास्क? मी काय सावत्र आहे?"

आई दचकून वळली. ती काही बोलणार तोच थोरली म्हणाली, "माहीत आहे. मोठी आहेस, समजून घे. हेच ना?"

सिस्टर गालात हसली. "ताई, नाकावरून जरा बोट फिरवा बघू."

थोरलीनं फिरवलं. नाकावर वळ होता, गालांवरही होता. कातडी अजून ओलसर लागत होती.

"तुम्हालाही होता की! गुंगीत सारखा ओढून टाकत होतात. मी म्हटलं, हात बांधू या का? तर आई म्हणाल्या, माझ्या लेकीला बांधायचं नाही. स्वतःच मास्क तोंडावर धरून बसल्या. आत्ता कुठं काढला, तुमचा श्वास तुम्हाला पुरायला लागला म्हणून. या धाकट्या ताईंना अजून पुरत नाही."

थोरलीनं पाहिलं. आईचा उजवा हात मांडीवर पडून होता. मुंग्या आलेला. बोटं अजून वाटीसारखी वळलेलीच.

आई लगबगीनं स्टूल फिरवू लागली.

"राहू दे, तिकडेच तोंड कर," थोरली म्हणाली. "तो हात तेवढा इकडे दे." आणि ती एकेक बोट चोळून सरळ करू लागली.

उठून जाल तेव्हा त्या माउलीची आठवण असू द्या. एकीकडे तोंड केलं की दुसरीकडे पाठ होतेच. देवानं तिला घडवलंच तसं.