फोटोतला अंगठा

आठवा फोटो उघडला आणि तिला त्यात स्वतःचा अंगठा दिसेना.

चौकशी अधिकाऱ्यांचा निरोप सकाळीच आला होता. वसतिगृहाचं ड्रॉइंग मिळालं, पण फोटोंच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी आहेत. फोटो आतच बसवून बारापर्यंत पुन्हा पाठवा. त्यात नवल काही नव्हतं. त्या ड्रॉइंगमध्ये फोटो नव्हतेच, फक्त त्यांचे पत्ते होते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फोटोंचा फोल्डर शेजारीच, म्हणून इथे ते दिसत. फाइल दुसऱ्याच्या हाती गेली की पत्ता उरतो, घर नाही. म्हणून ती एकेक फोटो उचलून ड्रॉइंगमध्येच चिकटवत बसली होती. सात झाले होते.

आठवा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचा. तो तिनेच काढला होता, तीन महिन्यांपूर्वी, शिडीवर चढून. बीमला बोट जाईल एवढी भेग, आत गंजून फुगलेली सळई, आणि भेगेवर मोजायची टेप दाबून धरलेला तिचा अंगठा. आता त्या चौकटीत गुळगुळीत, रंग दिलेला बीम होता. फाइलचं नाव तेच होतं.

गेल्या आठवड्यात ती गॅलरी पडली. कपडे वाळत घालणाऱ्या तीन मुली खाली आल्या. एक गेली.

ती उठून केबिनमध्ये गेली. इमारतींची तपासणी करणारं हे ऑफिस मामांचं, तिला या कामाला लावलं तेही त्यांनीच. मामा टेबलावर कागद पसरून दुसरं उकडलेलं अंडं सोलत होते.

"मामा, आठ नंबरचा फोटो बदललाय."

"हो, मीच बदलला. खालच्या मजल्याचा टाकलाय. दिसायला सारखाच आहे." त्यांनी नखाने टरफलाचा तुकडा उडवला. "आणि ड्रॉइंगला मी हातही लावलेला नाही बरं का. तारीख, सही, सगळं जुनंच. फोल्डरमध्ये त्याच नावाने दुसरा फोटो ठेवून दिला. ड्रॉइंगने तो आपला आपण उचलला."

अवघड गणित सोपं करून दाखवावं तसं ते सांगत होते. खालच्या ओठाला पिवळ्याचा कण चिकटला होता, आणि बोलताना तो वरखाली होत होता.

"मी तुम्हाला भेग दाखवली होती. गॅलरी बंद करा असं लिहू या, म्हटलं होतं."

"आणि मी किरकोळ दुरुस्ती लिहायला सांगितलं. झालं ते झालं. फोटो दाखवून ती मुलगी परत येणार आहे का? या ऑफिसवर अकरा घरं चालतात. त्यात तुझंही आलं." उरलेलं अंडं त्यांनी मिठात बुडवलं. "माणूस आहे, चुकतो. एवढं पोटात घाल."

नेमकं काय पोटात घालायचं, हे तिने विचारलं नाही. 

"शिवाय ड्रॉइंग कुणी काढलं, तिथे खाली नाव तुझं आहे," मामा म्हणाले. आवाज मऊच होता. "मी तुलाही वाचवतोय, बाळा."

धमकी असती तर तिला बरं वाटलं असतं. पण ते मनापासून बोलत होते. तिला त्या मायेचीच शिसारी आली.

ती जागेवर येऊन बसली. मोबाइलमध्ये जुना फोटो होता. तो तिने कॉम्प्युटरवर घेतला, कॉपी करून ड्रॉइंगमध्ये चिकटवला आणि पत्त्याची जुनी चौकट खोडून टाकली. आता फोल्डरमध्ये कुणी काहीही ठेवो. फाइल तो फोल्डर नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन उघडून पाहिली. भेग दिसत होती, सळई दिसत होती, अंगठ्याच्या नखातला चुना दिसत होता. फोटोखाली दोन शब्द होते, किरकोळ दुरुस्ती. ते तिनेच टाइप केले होते. मामांनी सांगितलं आणि तिने केलं, एकदाही मान वर न करता. खोडावेसे वाटले. खोडले नाहीत. फाइल पाठवून दिली.

मग केबिनच्या दारात उभी राहून तिने सांगितलं, "पाठवलं. खरा फोटो घातलाय."

मामा चावायचे थांबले. क्षणभरच. घोटभर पाणी प्यायले आणि फोन उचलला.

"साहेब, नमस्कार. आत्ता जी फाइल आली ना, त्यात आमच्या मुलीकडून गडबड झालीय. दुसऱ्याच इमारतीचा फोटो गेलाय. पोर आहे, घाबरलीय बिचारी." ते हसलेही, अगदी मोकळं, तिच्याकडे बघत. मग हसू आवरत गेलं. "हो. हो, तिनेच काढलाय. नाही, तशी गरज... बरं. बरं, पाठवतो."

फोन ठेवून ते थोडा वेळ टरफलं गोळा करत राहिले.

"त्यांना तुलाच भेटायचंय. आत्ता." मग हळूच, "काय सांगशील?"

"जे दिसलं ते. आणि जे टाइप केलं ते."

"तुझी नोकरी जाईल. पुढे कुणी दारात उभं करणार नाही."

"माहीत आहे."

तिने जागेवरून पर्स घेतली. मामा उठून तिच्यामागे दारापर्यंत आले. रुमालाने बोटं पुसून, परीक्षेला निघालेल्या लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा त्यांनी हात पुढे केला. ती एक पाऊल मागे सरली. हात हवेतच राहिला, कुठे ठेवावा ते न कळल्यासारखा.