कोपऱ्यावरचा ब्रेक

शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आई गाडीपाशी येऊन उभी राहिली.

"दोन थेंब सोड की. काहीही कुरकुरलं की तुझे अप्पा हेच घालायचे."

"ब्रेकला तेल चालत नाही, आई. गाडी थांबायचीच नाही मग. हो बाजूला."

ती बाजूला झाली, पण आत गेली नाही. अप्पा गेले आणि त्यांची गाडी मी वापरायला घेतली, तेव्हापासून 'ब्रेकचा तो आवाज बंद कर' एवढाच तिचा धोशा होता. मी जॅक लावून चाक काढलं. पॅड झिजले नव्हते, नुसते चकचकीत झाले होते. पॉलिश पेपरनं घासून ते खरखरीत केले, सगळी धूळ पुसली आणि चाक चढवून एक चक्कर मारून आले. कोपऱ्यावर ब्रेक दाबला. गाडी मुकाट थांबली.

आई ओट्यापाशी उभी होती. परातीत पीठ मळलेलं, पण गॅस बंद.

"आलीस? कळलंच नाही."

"मग? गेला ना आवाज?"

"गेला." ती पिठाकडेच बघत होती. "कोपऱ्यावर ब्रेक वाजला की मी तवा ठेवायची. ते हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकरी फुगायची. अजूनही आवाज आला की हात तव्याकडे जातो, आणि दारातून येतेस तू."

मी नळाखाली हात धुतले. मग तिनं विचारलं, "परत वाजेल का गं तो?"

"धूळ बसली की वाजेल."

"बसू दे मग," आई म्हणाली. "आता पुसू नकोस."