फडक्यातलं पापलेट

रुपलने कादंबरी फटकन मिटली आणि बोंबलांच्या टोपलीशेजारी आपटली.

"काय झालं गे?" मैनाने हातातलं काम न थांबवता विचारलं. "मेला का तो?"

"मेला कसला! प्रेमात पडला."

"अगंबाई! मग रडतेस कशाला?"

रडत नाही, डोळ्यांत मीठ गेलं, असं रुपल म्हणाली. आता वाळवायच्या बोंबलाला कुठलं आलंय मीठ? तो नुसत्या उन्हावर वाळतो. पण सासूने सुनेला तेवढं खोटं खपवू दिलं.

चिखल्याच्या किनाऱ्यावर दोघी बोंबील वाळत घालत होत्या. म्हणजे मैना घालत होती. जबड्यात जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. सून वाचून दाखवत होती. कादंबरीतल्या हॉटेलमालकाला आजोबांच्या हट्टापायी बायको हवी होती, मुलीला डोक्यावर छप्पर हवं होतं. वर्षभरापुरतं लग्न, कागदावर सह्या, खोल्या वेगळ्या. आणि शेवटी हा बाबा विमानतळावर धावत येतो, चारचौघांत तिचा हात धरतो आणि म्हणतो, तुझ्यावाचून मला जमायचं नाही.

"सगळं खोटं," रुपल म्हणाली. "सोयीचं लग्न सोयीचंच राहतं. माझंच बघा ना. तुमचे गुडघे गेले, मासळी विकायला बाई हवी होती. तिकडे धाकट्या बहिणीचं जुळलेलं, माझ्यामुळे अडलेलं. उरकलं लग्न! दिवाळीनंतर लग्न झालं, तेव्हापासून ते माझ्याशी धड चार वाक्यं बोललेले नाहीत. बाईमाणूस कामाला ठेवलं असतं तरी भागलं असतं त्यांचं."

मैनाचे हात थांबले.

"उद्या मी कासाला माहेरी जातेय ना आई, ते दोन दिवसांसाठी नाही. परत यायचं की नाही, ते तिथं ठरवणार आहे."

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. या म्हातारीवर तिचा जीव जडला होता, हीच तर पंचाईत होती.

मैना म्हणाली, "बापावर गेलाय तो. तोंड उघडायचा नाही. पण बापाची ती रीत तरी घेतली असेल म्हटलं. तुला तो फडक्यातून म्हावरं आणत नाही?"

"कुठल्या फडक्यातून?"

"डोक्याला बांधतो त्या गे! ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत वर ठेवतात ते. तुझा सासरा जन्मभर आणायचा. तू आल्यापासून घरात तसलं कधी शिजलं नाही, पण मीही विचारलं नाही."

"ते होय? असतं की. सगळ्यात मोठं पापलेट. दबू नये म्हणून गुंडाळतात ना? मी तेच पुढे मांडते. गिऱ्हाईक लांबून बघून येतं. पहिल्यांदा तेच खपतं."

मैनाने कपाळाला हात लावला, बोंबलासकट.

"अगं येडे, ते घरवालीचं असतं! होडीवरच्या पहिल्या चांगल्या मासळीवर तिचं नाव. तू विकलंस? सगळं?"

रुपल कासाच्या बाजारात, वडिलांच्या शिलाईच्या दुकानात वाढलेली. तिला कोण सांगणार? वर ते फडकं ती धुऊन, घडी घालून नवऱ्याच्या हातात परत देत होती. तो घडीकडे बघायचा आणि निघून जायचा.

तेवढ्यात होडी लागली. तिच्या नवऱ्याने, जतीनने, टोपली आणून वाळूत ठेवली आणि दोर ओढायला परत पाण्याकडे वळला. वर फडकं होतंच. रुपलने ते सोडलं. आज आत दोन पापलेटं होती.

उंबरगावची नेहमीची गिऱ्हाईक बाई पुढे सरसावली आणि तिने गुजरातीत भाव विचारला. "आ केटलानु?"

"विकायचं नाही."

"बेन, रोज तो देती!"

"चुकत होते," रुपल म्हणाली. मग आवाज चढवूनच म्हणाली, "माझ्या नवऱ्याने मला आणलंय ते!"

सगळा किनारा वळून बघायला लागला. कोणीतरी शीळ घातली. जतीनच्या हातातला दोर सुटला आणि होडी आली तशी मागे सरकली. पोरांनी आरडाओरडा करून ती धरली. तो मात्र गुडघाभर पाण्यातून सरळ तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"मला वाटलं, तुला पापलेट आवडत नाही."

"आवडतं."

तो पायाने वाळू उकरत राहिला. मैना पाठ फिरवून जोड्या अडकवायला लागली. कान मात्र इकडेच होते.

"आज दोन का?" रुपलने विचारलं.

"तुझी बॅग बघितली. दोन दिवसांना एवढी मोठी नसते." "म्हटलं, एक तुझ्या आईला ने. तिथं तरी शिजवशील."

रुपलने फडकं घट्ट पिळलं आणि तसंच, न धुता, स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

"आज दोन्ही इथंच शिजणार," ती म्हणाली. "माझ्या आईला उद्या ताजं तुम्हीच न्या. माझ्याबरोबर चला."