मोटर किती तापली?

“माझ्या दादाला हृदयाचा झटका तुम्ही दिलात. ‘तंदुरुस्त’ असा शिक्का मारून वर चढवलंत ना त्याला, तेव्हाच दिलात.”

कंपनीच्या डॉक्टरांचा शिक्का हवेतच राहिला. समोर क्रेनवाली उभी होती. गोदीतल्या उंच केबिनमध्ये दिवसभर मान काढून बसते म्हणून सगळे तिला बगळी म्हणत. वर्षाच्या तपासणीत आज तिचा नंबर होता. शिक्का नाही तर वर चढायला मनाई, आणि वर चढली नाही तर घरची चूल थंड. हे तिला पक्के ठाऊक होते. तरी तिने कागदावर पालथा पंजा दाबून ठेवला होता.

“अहो बाई, तुमच्या भावाची साखर नॉर्मल होती,” डॉक्टर म्हणाले. “मी काय मनाचं लिहितो?”

“तीच तर बोंब आहे! साखर नॉर्मल, आणि माणूस वर केबिनमध्येच कोसळला; पाळण्यात घालून खाली उतरवला, तान्ह्या बाळासारखा.”

“पाळणा नाही गं, मालाची जाळी,” दाराजवळच्या बाकावरून दादा ओरडला. तोही क्रेनच चालवायचा; झटक्यानंतर त्याचे वर चढणे बंद होते. आज बहिणीला सोबत म्हणून आला होता. “पोत्यांबरोबर उतरलो. पावती तेवढी फाडली नाही कुणी.”

रांग हसली. बगळी हसली नाही.

“इस्पितळातल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी दादाचं रक्त नीट तपासलं. साखर जागेवर, पण ती जागेवर ठेवायला इन्सुलिन भरमसाट लागत होतं. शरीर त्याला जुमानतच नव्हतं. रक्तात चरबी, पोट सुटलेलं. साखर चढायच्या कितीतरी आधी हे दिसायला लागतं म्हणाल्या, आणि हृदयाचा धोका तिथूनच वाढतो. डॉक्टर, ओझं उचललं जातंय एवढंच तुम्ही बघता. मोटर किती तापली ते कोण बघणार?”

“नियमात साखर, रक्तदाब आणि डोळे एवढंच आहे.”

“म्हणजे माणसाला छाती नाही?”

तिने पाठ फिरवली आणि कॉलर खाली ओढली. मानेवर काळपट पट्टा होता, जाडसर, मखमलीसारखा. दादाच्या मानेवरही तसाच. वयात आल्यापासून आईने मळ समजून दोघांच्या माना वज्रीने घासल्या होत्या, पार सोलवटून निघेपर्यंत. पट्टा हलला नाही. कॅन्टीनमध्ये लोकांनी दादाचे नाव ‘काळी कॉलर’ पाडले, आणि तो बिचारा दिवसातून दोनदा आंघोळ करू लागला. मळ नव्हताच तो; शरीर इन्सुलिनला जुमानत नसल्याची ती खूण असू शकते, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते.

डॉक्टर खुर्चीतून उठले. चष्मा सावरून त्यांनी मान जवळून पाहिली, पट्ट्यावरून बोट फिरवले.

“अशी मान म्हणजे रोग झालाच असं नाही,” त्यांचा आवाज उतरला होता. “पण हे मी बघायला हवं होतं. त्याचंही.”

रांगेतल्या लठ्ठ मुकादमाने हळूच स्वतःची कॉलर वर ओढली. मागच्याने ती खाली खेचली. “बघू, बघू!” “अरे, गुदगुल्या होतात मेल्या!” मग जो तो पुढच्याची मान तपासू लागला.

“आंघोळी करून आलात ना रे?” दादा म्हणाला. “नाहीतर डॉक्टर मळालाच औषध द्यायचे.”

“बाई, तुमचं रक्त मी आजच पाठवतो,” डॉक्टर म्हणाले. “इन्सुलिन, चरबी, सगळं. पोटाचा घेरही मोजू. वेळेत कळलं तर खाण्यापिण्यानं, चालण्याफिरण्यानं बरंच मागे फिरवता येतं.”

“आणि ह्यांचं?” तिने रांगेकडे बोट केले.

“ते माझ्या हातात नाही. वरून मंजुरी लागते.”

“वर तर मीही बसते, डॉक्टर. तिथून खालचं सगळं दिसतं. दिसत नसेल तर काच पुसावी माणसानं.”

डॉक्टरांनी शिक्का खणात टाकला, फोन ओढला आणि मुख्य कार्यालयाचा नंबर लावला. पलीकडून आवाज आला तसे त्यांनी बोलायला तोंड उघडले, पण लगेच मिटले. रिसीव्हर तिच्यापुढे धरला.

“तुम्हीच बोला. मी आहे इथे बाजूला.”

मुकादमाने शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडली. त्याचे बघून मागच्यानेही, आणि त्याच्या मागच्यानेही.

“साहेब, गोदीतून बोलतेय,” बगळी म्हणाली. भर वाऱ्यात ओरडायची सवय असलेला तो आवाज भिंतीपलीकडेही गेला असेल. “माणसं सकाळपासून उपाशीपोटी उभी आहेत, रक्त द्यायला तयार आहेत. एवढंच सांगा, माणूस कोसळल्यावर तपासणार, की वर चढायच्या आधी? फोन ठेवू नका. उत्तर द्या.”