औषध बदलायचा दिवस

समज, तू दहा वर्षांची तानी आहेस. साल एकोणीसशे शहाऐंशी. निपाणीहून पहाटेच्या बसने निघून तू बेळगावच्या एका दवाखान्यात आली आहेस. आज्जाचं बोट धरून व्हरांड्यात उभी आहेस, आणि डॉक्टर हळू आवाजात बोलत आहेत. नीट ऐक.

आपल्या हाडांच्या आत मऊ मगज असतो. रक्त तिथंच तयार होतं. कॅन्सरनं नेमकं तिथं घर केलं होतं. वर्षभर तो गोळ्यांनी दबून राहिला. आता गोळ्या लागू पडेनात.

“घरातला उंदीर पिंजरा ओळखायला लागला, तर काय करता गं?” डॉक्टरांनी तानीला विचारलं.

“दुसरा पिंजरा लावतो.”

“तसंच हे. औषध बदलायचं. सलाईनमधून द्यायचं.” मग ते आज्जाकडे, म्हणजे भरमूअण्णांकडे वळले. “आज सुरू झालं नाही, तर दिवाळी दिसणं कठीण आहे.”

भरमूअण्णांनी हात जोडले. “चालू करा. फकस्त हिच्या आज्जीला ह्यातलं काय सांगू नगासा.”

आत शेवंताबाई खाटेवर कंबर चोळत बसली होती. विड्या वळून वळून पाठ गेली, असं ती म्हणायची. नवऱ्यानं चहा घेतल्याशिवाय तिनं कधी कप तोंडाला लावला नव्हता. गोळ्यांचंही तसंच. आजाऱ्याची सेवा करायची तर अंगात ताकद हवी, म्हणून डॉक्टरांनी तिलाही गोळ्या दिल्या होत्या. भरमूअण्णांनी आपली गिळली, की मगच ती आपली गिळायची.

“आता ह्यास्नी सुई टोचणार व्हय?” तिनं विचारलं.

“दोघांनाही, मावशी.”

“मला कशाला? मी धडधाकट हाय.”

“यांना उठवायचं, बसवायचं कुणी? तुमचं रक्त कमी झालंय.”

शेवंताबाईनं जरा विचार केला. “बरं. पण आदी ह्यास्नी.”

नर्सनं दोन बाटल्या टांगल्या. एक पाण्यासारखी, एक लाल. सुई बघून भरमूअण्णांच्या कपाळावर घाम आला.

“बघा की, सुईला भ्यालेत!” शेवंताबाई हसली. “तरणेपणी रेड्याला शिंगाला धरून थांबवत हुते म्हनं.”

“रेडा सांगून तरी येतोय गं,” भरमूअण्णा म्हणाले, आणि त्यांनी हात पुढं केला.

त्यांची सुई बसली. बाटली सुरू झाली. ते डोळ्यांनी बघितल्यावरच शेवंताबाई आडवी झाली आणि तिनं आपला हात दिला.

“माझी लाल का ओ?”

“रक्त वाढायचं आहे ना,” डॉक्टर म्हणाले.

दोन खाटांच्या मध्ये तानी उभी होती. थोड्या वेळानं शेवंताबाईचे डोळे जड झाले.

“तानी, माझं राहू दे गं,” ती पुटपुटली. “आज्जाचं औषध नीट पडतंय का, तेवढं बघ बाई.”

तानीनं आज्जाच्या नुसत्या मीठपाण्याच्या बाटलीकडं मान वळवलीसुद्धा नाही. ती आज्जीच्या उशाशी गेली, टाचा उंचावून औषधाचे लाल थेंब पडताना बघत राहिली, आणि म्हणाली, “व्हय आज्जी, पडतंय.”